मुंबईतील एक रात्र



आमच्या वाईत रात्री नऊ वाजले की बाजारपेठेतली शटरं पडायला लागतात. गणपती घाटावर चार माणसं बसलेली, स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघणारे काही जण, बस्स. रात्रीची करमणूक म्हणजे काय, असं आमच्या मुलांना विचारलंत तर ती गावची जत्रा सांगतील. छबिना, पाळणे आणि मोठ्यांसाठी तमाशा. तेही वर्षातून एकदा. म्हणून गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी मुद्दाम निबंध दिला, 'मुंबईतील एक रात्र'. पाहुणे म्हणून गेलात तर संध्याकाळनंतर काय काय बघाल, दहा-बारा ओळी लिहा.

वह्या आल्या. निम्म्या मुलांना रात्री मुंबईत हिरो भेटणार होते. त्यांचीही चूक नाही, मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'पासून किती सिनेमांची शूटिंगं झाली, घरोघरी त्याच्या गोष्टी आहेत. एका मुलीने लिहिलं होतं, 'रात्री समुद्र बंद करतात का ते मी बघीन.' तिला मी शाबासकी दिली. आणि एका मुलाने तीनच ओळी लिहिल्या होत्या. 'मुंबईत रात्री माझे पप्पा गाडी खाली करतात. सकाळी झोपतात. त्यांना रात्री फिरायला टाइम नाय.'

मी 'नाय'खाली लाल रेघ मारली, 'विषयाला धरून लिही' असा शेरा दिला आणि दहापैकी दोन गुण दिले. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मे महिन्याच्या सुट्टीत आम्हीच मुंबईला गेलो. मी, माझा तिसरीतला मुलगा आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. माझं तिकीट अर्धं, ज्येष्ठ नागरिक म्हणून आबांचं अर्धं, मुलाचंही अर्धं, म्हणजे तिघांत मिळून दीड तिकीट! उतरलो लालबागला चुलत्यांकडे. पालकांना उपयोग व्हावा म्हणून दोन संध्याकाळी काय पाहिलं ते सांगते.

पहिल्या दिवशी सीएसएमटी. दिवसा त्या गर्दीत इमारत बघायला मान वर करता येत नाही. अंधार पडला की दिवे लागतात आणि समोरच्या फुटपाथवरून सगळी नीट दिसते. ही इमारत 1888 मध्ये पूर्ण झाली आणि 2004 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, हे मी मुलाला सांगत होते. तो खांबांवरचे प्राणी मोजत होता. तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसायला पैसे लागत नाहीत. समोर गिरगाव चौपाटीकडे वळत गेलेली दिव्यांची रांग, तिलाच राणीचा हार म्हणतात. चणे घ्यावेत आणि बसावं. नंतर चौपाटीवर भेळ. एवढ्यात लहान मूल दमतं, त्याहून जास्त ठरवू नका. लोकल मध्यरात्रीनंतरपर्यंत असते, पण झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन जिना चढणं सोपं नाही. उघड्या टपाची दुमजली बस दाखवायची माझी फार इच्छा होती. त्या जुन्या गाड्या 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी रात्री नाटक बघायचं होतं. आबांना परळच्या दामोदर नाट्यगृहात जायचं होतं, पण 1922 सालचं ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालेलं. मग दादरच्या शिवाजी मंदिरची तिकिटं काढली. मधे दोन तास मोकळे होते म्हणून चुलतभाऊ म्हणाला, चला, लोअर परळचा मॉल बघू. फिनिक्स मिलच्या जागेवर तो उभा आहे. आता तिकडच्या गिरण्यांच्या आवारांत रात्रीची खरी गर्दी असते. हॉटेलं, पब, खेळायच्या जागा. अशा ठिकाणी रात्रभर दुकानं उघडी ठेवायला 27 जानेवारी 2020 पासून परवानगी आहे, तेव्हा 'मुंबई 24 तास' म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. मुलाला सरकते जिने आवडले. एक कॉफी तीनशेच्या घरात होती, ती आम्ही दोघांत प्यायलो.

आबा मात्र वर बघत चालले होते. आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे, तिच्यापाशी थांबले. जवळच्याच एका गिरणीत ते बदली कामगार होते. साचेखात्यात. हे मला माहीत होतं, पण 'आबा पूर्वी मुंबईला होते' एवढंच. गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते ट्रंक घेऊन गावी आले, ते कायमचेच.

"इथं आमची रातपाळी असायची," आबा नातवाला म्हणाले.

"रात्री इथं? मज्जा!" तो म्हणाला.

आबा हसले. "मज्जा लालबागला. हनुमान थिएटरात तमाशा. पन भोंग्याआधी गेटावर पोचायचं असायचं, म्हणून वगाच्या मधीच उठायचो. किती वगांचा शेवट काय झाला, मला अजून ठावं नाही."

मला त्या क्षणी ती वही आठवली. तीन ओळी आणि माझी लाल रेघ.

पसरणीचे शाहीर साबळे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, राज्यगीत आपण त्यांच्याच आवाजात ऐकतो. आमच्या पंचक्रोशीतून मुंबईच्या रंगमंचावर गेलेला हा माणूस. त्यांच्या मुक्तनाट्याचं नावही बघा, 'यमराज्यात एक रात्र'. अशा कार्यक्रमांना गिरणगावात टाळ्या वाजवणारे कोण होते? वाई, पाटण, कोकणातले आबांसारखे लोक. काहींना अर्ध्यात उठून कामावर जायचं असेल. मी मात्र मुलांना 'पाहुणे म्हणून' लिहायला सांगितलं होतं.

नाटक छान झालं. मुलगा दुसऱ्या अंकात झोपला, तो भाग सोडा. पडदा पडला, लोक चपला शोधायला लागले, तरी आबा खुर्चीत बसूनच. "संपलं आबा, चला." "संपलं ना? बघू दे की," म्हणाले. रिकाम्या रंगमंचाकडे बघत बसले, शेवटी दाराशी उभा असलेला माणूस आला तेव्हा उठले.

रात्रीची एसटी धरली. वाशीला गाडी थांबली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बाजार समितीकडे भाजीचे ट्रक वळत होते. पिशव्या घेऊन पाच-सहा माणसं चढली, जत्रेला गावी निघालेली. माथाडी कामगार. अण्णासाहेब पाटील आपल्याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. माथाडी कायदा 1969 चा. हे सगळं मी डीएडच्या आधीपासून सामान्य ज्ञानात पाठ केलेलं. शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्यावर शर्ट विरलेला होता, फक्त एकाच बाजूला. त्याने आबांना विचारलं, "मुंबई बघायला आलावता का?" आबा म्हणाले, "व्हय. या टायमाला बघितली."

जूनमध्ये तो मुलगा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला. एकदा बाजारात आईबरोबर दिसला. मी विचारलं, "तुझी मराठीची वही आहे का रे अजून?"

"रद्दीत घातली, बाई."

काय बोलावं सुचेना. म्हटलं, तुझा तो मुंबईचा निबंध चांगला होता, गुण द्यायला माझं चुकलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो लाजला.

"पप्पा कुठं असतात?"

"वाशीला. भाजी मार्केटात. दिवाळीच्या सुट्टीत मला रातचं मार्केट दावणार हायत." थोडं थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही बघितलंय का?"

"नाही रे, बाहेरूनच."

"मग मी बघून आलो की सांगतो."