कातडे कोणी ताणायचे?

मृदंगाला फूल वाहायचे आणि मृदंगावर कातडे चढवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही आपल्या देशातली जुनी रीत आहे. ती आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. या लेखात मात्र आम्हाला साता समुद्रापलीकडच्या एका वाद्याबद्दल बोलायचे आहे. ते वाद्य म्हणजे कोंगा. त्याची दुरुस्ती करताना आमच्या वस्तीत एक वाद उभा राहिला. तो वाद आपल्या चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने एकदा तरी स्वतःशी घालावा असे आम्हाला वाटते.

कोंगा आपल्याला अनोळखी नाही. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी स्टँडवर उभे असलेले, पोटात फुगलेले ते दोन उंच ढोल म्हणजे कोंगा. आपले वादक त्याला 'कोंगो' म्हणतात. कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी बोंगो-कोंगो मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळवले. तिथून ते वाद्यवृंदात आले आणि वाद्यवृंदातून आपल्या गायन पार्ट्यांत. वाद्य आले, पण ते कोणाचे, कोणत्या परिस्थितीत जन्मले, हे त्याच्याबरोबर आले नाही. म्हणून आधी ते सांगितले पाहिजे.

क्युबा ही स्पेनची वसाहत होती. तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी आणि साखर कारखान्यांसाठी सुमारे आठ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून आणली गेली. त्यांतली बहुतेक १९व्या शतकात आली. गुलामगिरी कायद्याने पूर्ण संपली ती १८८६ साली. जहाजाच्या तळघरात साखळदंडाने बांधलेल्या माणसाजवळ ढोल नव्हता. ढोल कसा करायचा हे त्याच्या हाताला माहीत होते, आणि ते कुणाला काढून घेता आले नाही. काँगो खोऱ्यातून आलेल्या लोकांनी झाडाचे खोड पोखरून 'युका' नावाचे ढोल केले. योरुबा लोकांनी दोन तोंडांचे 'बाता' ढोल केले. ते तीन असतात: इया, इतोतेले आणि ओकोंकोलो. यांतला इया म्हणजे आई. हवाना आणि मातान्सासच्या गोदीतल्या कामगारांनी खारवलेल्या माशांची रिकामी खोकी वाजवली. त्यातून 'काहोन' हे वाद्य झाले. कोंगाचा आजचा आकारही पिंपाचाच आहे: बाजूने फळ्या, मध्ये फुगवटा, भोवती लोखंडी पट्ट्या. मालकाचा माल ज्यात भरायचा, त्याच्याच बांधणीतून गुलामाच्या वारसाने आपला आवाज काढला.

या आवाजाची सत्तेला भीती वाटली. १८८०च्या दशकात वसाहतीच्या सरकारने ६ जानेवारीच्या सणाला निघणाऱ्या आफ्रिकी मंडळ्यांच्या मिरवणुका बंद केल्या. पुढे क्युबा स्वतंत्र झाला. त्या स्वातंत्र्याच्या लढाईत काळे सैनिक मोठ्या संख्येने लढले होते. पण स्वतंत्र देशातही ढोल मोकळा झाला नाही. १९२५ साली सांतियागो शहराचा महापौर देसिदेरिओ आर्नाझ याने रस्त्यावरच्या कोंगा मिरवणुकांवर बंदी घातली. कारण काय दिले? सभ्यता. आणि याच महापौराचा मुलगा देसी आर्नाझ पुढे अमेरिकेत गेला, गळ्यात कोंगा अडकवून नाचला-गायला आणि प्रसिद्ध झाला. बापाने जे असभ्य ठरवले ते मुलाने विकले. हवानामध्ये १९३७ साली या मिरवणुकांना पुन्हा परवानगी मिळाली. पर्यटकांना त्या आवडत होत्या, हे त्यामागचे एक कारण. १९४७ साली हवानाच्या गरीब चाळीतला चानो पोझो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पीच्या जॅझ वाद्यवृंदात कोंगा वाजवू लागला. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये गोळी लागून तो मेला. वय जेमतेम ३३. आणि २०१६ साली युनेस्कोने क्युबाची रुम्बा मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतली. आधी बंदी, मग बाजार, मग गौरव. हा क्रम आपल्या ओळखीचा वाटतो ना?

आता आमच्या वादाकडे येतो.

आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचा एक कोंगा दोन पावसाळे विहाराच्या मागच्या खोलीत पडून होता. एका फळीचा सांधा सुटला होता, कातड्याला काठापाशी चीर गेली होती, नट गंजून बसले होते. नवा घ्यायला पैसे नव्हते. अभ्यासवर्गातल्या सात-आठ मुलामुलींना घेऊन आम्ही तो दुरुस्त करायचे ठरवले. ढोलकीची पाने चढवणाऱ्या एका कारागिराने शिकवायचे कबूल केले. त्यांच्या घरात हे काम तीन पिढ्यांचे. त्यांचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. तसे त्यांनीच सांगितले. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि बाप काय करतो हे त्याने कॉलेजात कुणाला सांगितलेले नाही.

पहिल्या दिवशी म्हशीचे कच्चे कातडे टबात भिजत घातले. कच्चे म्हणजे न कमावलेले. चपलेचे कातडे कमावलेले असते, म्हणून ते मऊ असते आणि वाजत नाही. ढोलाचे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, आतली बाजू खरवडून साफ करतात आणि तसेच ताणून वाळवतात. ते रात्रभर पाण्यात ठेवले की पुन्हा मऊ होते. त्याला वास येतो. तो वास अंगणात पसरला आणि वस्तीतले एक वयस्कर बाबा काठी टेकत आले. टबात वाकून पाहिले आणि म्हणाले, "माझ्या बापानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं म्हणून गावानं आमचं पाणी तोडलं होतं. आणि तुम्ही शिकलेली पोरं तेच कातडं विहाराच्या अंगणात भिजत घालता?"

कुणालाच बोलता येईना. बाबांचा प्रश्न खोटा नव्हता. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, गावाची हलकी कामे सोडा, असे सांगितले. गावोगाव लोकांनी ते ऐकले आणि त्याची किंमत मोजली. त्या किमतीवर आम्ही एमए झालो. हे विसरून 'लोककला', 'कारागिरी' असले गोड शब्द वापरणे म्हणजे आपल्याच बापजाद्यांच्या बंडाची थट्टा करणे आहे.

पण बाबांनी सांगितलेल्या घटनेतच उत्तरही होते. काम इतके घाण होते, तर ते सोडल्यावर गावाने आनंद मानायला हवा होता. गावाने पाणी का तोडले? कारण गावाला ते काम हवे होते, आणि करणारा माणूस खाली हवा होता. २०१६ साली गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना गाडीला बांधून मारले. काम केले म्हणून मार आणि सोडले म्हणून बहिष्कार. म्हणजे मुद्दा कातड्याचा नव्हताच. मुद्दा होता की हे काम कोणी करायचे ते जन्म ठरवणार, नाही म्हणण्याचा हक्क नसणार, आणि मोबदल्याच्या नावाखाली शिळी भाकरी मिळणार. बाबासाहेबांनी १९३६च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला, तो इथे लख्ख दिसतो.

क्युबाचा ढोल आम्हाला नेमका याच ठिकाणी उपयोगी पडला. क्युबातल्या काळ्या माणसाने काय सोसले ते आपल्यापेक्षा कमी नव्हते. माणूस बाजारात विकला जात होता. पण एक गोष्ट तिथे घडली नाही. कातडे ताणणारा हात त्याच्या स्वतःच्या लोकांत विटाळाचा ठरला नाही. बाता ढोल करणारा, त्याचे कातडे बदलणारा माणूस तिथल्या काळ्या समाजात मानाचा असतो. पोलीस ढोल जप्त करत, तरी ढोल करणाऱ्याचा मुलगा बापाची लाज बाळगत नव्हता. आपल्याकडे जातीने आणखी एक काम केले. तिने आपल्या हातातले कौशल्य घाण ठरवले आणि ते आपल्यालाही पटवून दिले. इंजिनिअरिंगच्या त्या मुलाची लाज ही त्याची नाही. ती त्याला वारशात दिलेली आहे, आणि ती देणारा वेगळा आहे.

म्हणून क्युबाचे सगळेच डोक्यावर घ्यायचे, असेही नाही. अभिमंत्रित बाता ढोलांना तिथल्या परंपरेत स्त्रीने हात लावायचा नसतो. बाहेरच्या गुलामगिरीतून सुटलेला समाज आत कुणाला तरी अडवतो, हे तिथेही आहे. हवानाच्या काही स्त्रियांनी १९९३ साली 'ओबिनी बाता' हा गट काढला आणि अभिमंत्रित नसलेले बाता वाजवायला सुरुवात केली. आमच्या अंगणात कातडे ताणायला पुढे आल्या त्या दोन मुलीच होत्या. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

काम काय शिकवते, तेही सांगितले पाहिजे. आधी लाकूड. सुटलेल्या सांध्यातला जुना गोंद कोरून काढला, नवा भरला, आणि ट्रकवर माल बांधायचा पट्टा पिंपाभोवती आवळून पूर्ण दिवस ठेवला. मग काठ. सपाट फरशीवर ढोल उपडा ठेवायचा, आत विजेरी लावायची. जिथून उजेड बाहेर येतो तिथे काठ असमान आहे. पॉलिश पेपरने तो सारखा करायचा, नाही तर कातडे तिथेच खरखरते. मग ओले कातडे कड्यावर गुंडाळून बसवायचे आणि हुकांचे नट समोरासमोर, थोडे थोडे पिळायचे. एका बाजूने घाई केली की कड वाकडी बसते. चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यायचे. उन्हात ठेवले तर कातडे एकदम आवळते आणि फाटते.

पूर्वी क्युबात हे नट नव्हते. कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि वाजवण्याआधी विस्तवावर शेकून ताणावे लागे. आपली हलगी शेकतात तसेच. १९४०-५०च्या दशकांत लोखंडी हुक रुळले. कार्लोस 'पटाटो' वाल्देस या वादकाचे नाव या सुधारणेशी जोडले जाते. १९६२ साली अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. तिथले ढोल अमेरिकेत मिळेनात, म्हणून १९६४ साली न्यूयॉर्कच्या परिसरात मार्टिन कोहेन यांनी 'लॅटिन पर्कशन' ही कंपनी काढली. आज जगभर विकले जाणारे बरेच कोंगे थायलंडच्या कारखान्यांत, रबराच्या झाडाच्या लाकडातून बनतात. त्या लाकडाला 'सियाम ओक' असे भारदस्त नाव देतात. आमचा कोंगाही त्याच लाकडाचा निघाला. ज्या हातांनी हे वाद्य घडवले ते व्यापारबंदीच्या आत अडकले आणि बाजार दुसऱ्यांचा झाला. कौशल्य आपले असून भागत नाही. अवजार, कच्चा माल आणि बाजार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

कातडे वाळले तेव्हा बाबांना बोलावले. त्यांनी बोटाने एक टिचकी मारली, कान दिला. त्यांना सगळे पटले असे आम्ही म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, "त्या माणसाला काय दिलं ते वहीत लिहा. आणि जयंतीला त्याला स्टेजवर बसवा." मजुरी वहीत लिहिली, पावतीही दिली. स्टेजवर मात्र ते कारागीर आले नाहीत. मुलाचे मित्र जयंतीला असतील, म्हणाले. आम्ही आग्रह धरला नाही. ते स्टेजवर निःशंक येऊन बसतील असा समाज अजून आपण घडवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, 'पारंपरिक कला जपा' असे सांगणारे लोक आता आपल्या वस्त्यांत येतील. त्यांना तीन प्रश्न विचारा. हे काम न करण्याचा हक्क आम्हाला आहे का? याची पूर्ण मजुरी मिळणार का? आणि हे काम तुमची मुले शिकणार का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच पुढे बोला. आणि आपल्यापुरते एक करा. आपल्या गायन पार्टीची वाद्ये मागच्या खोलीत कुजू देऊ नका. कार्यक्रम संपला की कोंगाचे नट सैल करा, किती आटे सैल केले ते मोजून ठेवा. हाताचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, कातड्यावर तेल ओतू नका. पावसाळ्यात कातडे सैल पडते म्हणून पिळत बसू नका. हवा कोरडी झाली की तेच कातडे आवळून फाटते. वर्षातून एकदा नटांना ग्रीस लावा. हे काम पार्टीतल्या प्रत्येकाला, मुलींसकट, यायला हवे. ते ठरावीक एकाच घरावर ढकलले, तर विहाराच्या अंगणात आपणच नवे बलुते सुरू केले असे होईल.

जय भीम!