आकडा खोटा ठरवण्याआधी

घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनाचा एखादा आकडा विचित्र दिसू लागला, की बांधणारा लगेच म्हणतो, ‘सेन्सर गेला असणार.’ पुष्कळदा ते खरंही निघतं. तरीही हे वाक्य निदान म्हणून मान्य करायला माझा विरोध आहे. सेन्सर खोटं बोलतोय हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध होईपर्यंत आकडा खरा धरूनच वागावं लागतं. कारखान्यात तयार झालेल्या विमानात वायरिंगचा नकाशा ठरलेला असतो आणि दुरुस्तीची पुस्तिका हाताशी असते. घरगुती विमानात तसं नसतं. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या संचांतून बांधलेली आरव्ही मालिकेची दहा हजारांहून अधिक विमानं उडाली आहेत. सांगाडा एकाच संचातला असला तरी कोणती वायर कुठून नेली आणि कुठे जोडली, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी उभारलेल्या सहा आसनी विमानासारख्या कामात तर सांगाडासुद्धा बांधणाऱ्याचाच. अशा विमानात दोष शोधायला पुस्तिका नसते, तर्कच लागतो.

तर्काची सुरुवात इंजिनापासून करावी. सिलिंडर हेड म्हणजे ॲल्युमिनियमचा जाडजूड तुकडा. तो एका सेकंदात १९० अंश सेल्सिअसवरून २४० वर जाऊच शकत नाही. काटा तशी उडी मारत असेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे, बहुधा सैल टर्मिनलमध्ये. पण याचा उलटा अर्थ काढणं धोक्याचं आहे. संथपणे बदलणारा आकडा खराच असतो असं नाही. सिलिंडरचं तापमान मोजणारा थर्मोकपल दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा असतो आणि त्याच जातीची तार थेट उपकरणापर्यंत न्यावी लागते. ती कमी पडली म्हणून मध्येच साधी तांब्याची वायर जोडली, तर त्या जोडाचं तापमान हिशेबात घुसतं. जोड इंजिनाच्या कप्प्यात ७० अंशांवर आणि उपकरण ३० अंशांवर असेल, तर आकडा ४० अंशांनी कमी दिसतो. खरं तापमान २३० असताना पडद्यावर १९० येतं. लायकमिंग कंपनी इंजिन दीर्घकाळ टिकावं म्हणून सिलिंडर हेड साधारण २२४ अंशांच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे मर्यादा ओलांडलेली असते आणि वैमानिक निश्चिंत असतो. शिवाय सकाळी इंजिन थंड असताना तपासलं तर जोड आणि उपकरण एकाच तापमानाला असतात, त्यामुळे सगळं बिनचूक दिसतं. हा दोष मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात संशय घ्यावा असं काही दिसतच नाही.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे अर्थिंग. अल्टरनेटरचा ३० अँपिअर प्रवाह इंजिन आणि सांगाडा जोडणाऱ्या पट्टीतून परत येतो. त्या पट्टीच्या टोकाला गंज चढून फक्त ०.०१ ओहमचा रोध तयार झाला, तरी दोन टोकांत ०.३ व्होल्टचा फरक पडतो. ०.५ ते ४.५ व्होल्टच्या पट्ट्यात १५० पीएसआयपर्यंत दाब सांगणाऱ्या सेन्सरचं अर्थिंग त्याच इंजिनावर घेतलेलं असेल, तर तेलाच्या दाबात ११ पीएसआयची चूक होते. फायबरग्लासच्या विमानात धातूची त्वचाच नसल्यामुळे हा प्रश्न आणखी बिकट होतो. याची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर इंजिन स्थिर फेऱ्यांवर चालू ठेवून लँडिंग लाइट आणि पिटो हीटर चालू-बंद करावेत. दिवा लावल्याने तेलाचा दाब बदलत नाही. आकडा बदलला तर अर्थिंग तपासा. इथे सेन्सर बदलणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

यावर आक्षेप येतो, की सेन्सर स्वस्त असतो, तो बदलून टाकला तर वेळ वाचतो. मला हे पटत नाही. सेन्सर बदलताना जोड सुटतो, घासला जातो, पुन्हा घट्ट बसतो आणि सैल टर्मिनलचा दोष काही दिवस गायब होतो. बांधणाऱ्याला वाटतं उपाय लागू पडला. त्यापेक्षा दोन सिलिंडरांचे सेन्सर आपसात बदलावेत. विचित्र आकडा सेन्सरबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर सेन्सर दोषी. जागेवरच राहिला तर दोष वायरमध्ये, उपकरणात किंवा खरोखर त्या सिलिंडरमध्ये आहे. उकळत्या पाण्याची परीक्षाही करावी, मात्र समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारं पाणी पुण्यात ९८ च्या आसपास उकळतं, हे लक्षात ठेवावं. तांब्याच्या जोडाचा दोष या परीक्षेतही सापडत नाही, कारण तेव्हा इंजिनाचा कप्पा थंड असतो. त्यासाठी तार डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहावीच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंजिनापेक्षा सेन्सर जास्त वेळा बिघडतात, मग आकड्यावर अविश्वास दाखवणंच शहाणपणाचं नाही का? ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानात तिन्ही इंजिनांचा तेलदाब खाली गेला. तिन्ही इंजिनं एकदम कशी बिघडतील, असा विचार करून वैमानिकांनी दोष उपकरणांचा मानला. प्रत्यक्षात देखभालीत तिन्ही इंजिनांच्या तेलातले धातूचे कण टिपणाऱ्या चिप डिटेक्टरवर रबरी सील बसवायचं राहून गेलं होतं आणि तेल वाहून जात होतं. आधीच बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं म्हणून १७२ माणसं वाचली. शक्यतेचा हिशेब चुकला, कारण तिन्ही बिघाडांचं मूळ एकच होतं. घरगुती विमानात तर सगळं काम बहुधा एकाच हाताने केलेलं असतं. एकच चूक चारही सिलिंडरांवर होऊ शकते. याउलट १३ जानेवारी १९८२ च्या वॉशिंग्टनमधील एअर फ्लोरिडा अपघातात दाबाच्या नळीत बर्फ साचल्याने इंजिनाची ताकद असल्यापेक्षा जास्त दिसत होती. बाकीचे काटे खरं सांगत होते. एकट्या काट्यावर विसंबल्याने ७८ जण गेले.

म्हणून हवेत असताना तेलाचा दाब घसरताना दिसला तर जवळच्या धावपट्टीवर उतरा, वाद जमिनीवर घाला. आणि आज इंजिन ठणठणीत असतानाच फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्याला, दिवे चालू आणि बंद ठेवून, सगळे आकडे वहीत उतरवून ठेवा. उद्या बिघाड शोधताना तुलनेला दुसरं काहीच नसतं.