खंदलेली हराळी, लावलेली हराळी

आमच्या घरात हराळीला देवघरात मान होता, गोठ्यात कौतुक होतं आणि रानात शिव्या होत्या. जळकोटच्या आसपास, बालाघाटाच्या उतरणीवर ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकांत गेलं, त्या बहुतेक शेतकरी घरांची हीच तऱ्हा. आम्ही चुलत, आते, मावस भावंडं आता पन्नाशी-साठीच्या पलीकडे गेलो. कुणी उदगीरला, कुणी लातूर-नांदेडला, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. जवळपास प्रत्येकाच्या दारात कधी ना कधी लॉन लावून झालं. म्हणजे जे गवत वडीलधाऱ्यांनी उभी हयात खंदून काढलं, तेच आम्ही पैसे मोजून लावलं. दोन्ही कामांना लागणारी अक्कल मात्र एकच होती, आणि ती ज्यांच्याकडे होती त्यांनी लॉन नावाची चीज कधी पाहिलेली नव्हती.

आमच्या भागात गवतांची वाटणी ठरलेली असते. मुरमाड माळावर कुसळी आणि पवन्या, बांधावर मारवेल, आणि जिथं काळी माती ओल धरते तिथं हराळी. कुसळी धोतरात, लुगड्यात रुतायची, पण ती माळ सोडून रानात येत नसे. हराळी यायची. जमिनीवरून धावणारी तिची वेल दिसते तरी. खरा पसारा खाली, मातीच्या पोटातल्या पांढुरक्या, टणक काशांचा. ज्या रानात हराळी-कुंदा माजला त्या रानाची किंमत सोयरीक जमवतानासुद्धा कमी धरायचे.

तिला काढायचा काळ चैत्र-वैशाखाचा. खोल नांगरट करून ढेकळं उलथी पाडायची आणि काशा उन्हात उघड्या टाकायच्या. मग आख्खं घर ढेकळं फोडत काशा वेचायला. लेकरांना सुट्ट्या लागलेल्या असत, म्हणून आमची भरती आपोआप व्हायची. आमच्याकडे एक जुने सालगडी होते; आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा दंडक एकच: काशी तोडायची नाही, टोकापासून टोकापर्यंत ओढून काढायची. घाईनं ओढली आणि मधेच तुटली की ते कुदळ टेकवून म्हणायचे, ‘‘एकाच्या दोन केल्यास बग.’’ हिशेब खरा होता. काशीच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो, आणि एक पेर जरी ओलीत राहिलं तरी त्याला मूळ फुटतं. म्हणून हराळीच्या रानात आधी नुसता वखर फिरवणारा माणूस मामांच्या लेखी येडा होता. तो हराळी काढत नव्हता, पेरत होता. वेचलेल्या काशांचा ढीग बांधापासून लांब, खडकावर वाळवायचा आणि जाळायचा. शेजाऱ्याच्या बांधावर टाकला तर भांडण तहसिलीपर्यंत जायचं.

तीच हराळी भाद्रपदात दूर्वा होऊन घरात यायची. रानातली काशी घरात आणली तर आज्जी ओरडायची, पण चतुर्थीला पहाटेच ती आम्हाला विहिरीवर पिटाळायची. मोटेच्या थारोळ्याच्या कडेला, पाटाच्या तोंडाशी कोवळी, पोपटी हराळी असायची. तीन पात्यांचे शेंडे खुडायचे, त्यांची एकवीसची जुडी बांधायची. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली, आणि अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या तेव्हा कुठं ती शमली, ही गोष्ट आज्जी जुडी बांधता बांधता सांगायची. महालक्ष्म्यांच्या दिवसांतही पुन्हा तीच फेरी. हराळी थंड, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. उन्हाळ्यात घोळणा फुटला की तिचा रस काढून नाकात दोन थेंब सोडत. पोट बिघडलेलं कुत्रं हराळीच खाताना दिसायचं, आणि आज्जीला तेवढा पुरावा पुरायचा.

गोठ्यातला मान वेगळा. लाल कंधारी आणि देवणी ही आमच्या मुलखाची जनावरं. बैल औतावरून सुटले की त्यांना बांधावरच्या हराळीवर सोडत. बहात्तरच्या दुष्काळात कडबा संपला, तेव्हा एरवी जाळायच्या त्या काशा उकरून, धुऊन, झोडपून जनावरांपुढे टाकल्याचं थोरले दादा सांगायचे. माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती, लेकरांना सुकडी मिळत होती, मिलोच्या तांबड्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. त्या वर्षी गावात हराळीला कुणी शिवी दिली नाही, असं दादा म्हणायचे, आणि लगेच पुढं जोडायचे, ‘‘पुढल्या साली परत चालू.’’

गवतावर नुसतं बसायचं असतं हे आम्हाला वर्षातून एकदाच कळायचं, येळवसेला. मार्गशीर्ष अमावास्येला आख्खं गाव रानात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, बाजरीची भाकर आणि डेऱ्यातली आंबील. पंगत बसायची ती विहिरीजवळच्या रुंद बांधावर, जिथं जनावरांनी चरून चरून हराळी दोन बोटांवर आणलेली असायची. जेवणं झाली की मोठी माणसं तिथंच आडवी व्हायची. आज नर्सरीवाला ज्याला उत्तम लॉन म्हणतो ते सगळं तिथं होतं: भरपूर ऊन, मुरलेलं शेणखत, वरचेवर कापणी आणि वर्षभर मोजका राबता. फरक इतकाच की कापणी बैल करत होते आणि खतही तेच टाकत होते.

शोभेचं गवत म्हणून गवत आम्ही प्रथम पाहिलं ते करड्या रंगाचं. १९८७ चा विश्वचषक. गावातल्या एका घरात कृष्णधवल टीव्ही, आणि ओसरीत माणूस मावत नव्हतं. नागपूरच्या मैदानावर चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, गावस्करांनी एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक ठोकलं. सगळे ओरडत होते आणि मामा मात्र भिंतीला टेकून मैदानाच्या कडेकडेनं बघत होते. शेवटी विचारते झाले, ‘‘एवढ्या रानात जनावर कसं न्हाई सोडलं कुणी?’’ सरकारी विश्रामगृहापुढं ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असायची. ज्यावर चालायचं नाही, चारायचं नाही आणि जे देवालाही वाहायचं नाही, असं गवत कुणी का लावावं, हे कोडं आम्हाला बराच काळ सुटलं नाही.

मग नोकऱ्या लागल्या. लातूर जिल्हा १९८२ सालीच झाला होता; आता शहर वाढलं, उदगीरही वाढलं, एन. ए. प्लॉट पडले. माळवदाच्या घरात वाढलेली आम्ही पोरं स्लॅबच्या घरात गेलो. दारापुढं मोकळी जागा उरली. सारवलेलं अंगण ठेवावं तर रोज शेण आणणार कोण? फरशी टाकावी तर तापणार. म्हणून लॉन. थोरल्या भावाच्या दारात टेम्पोतून गवताचे चौकोनी तुकडे उतरत होते तेव्हा आत्या माहेरपणाला आलेली. तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, मुळं बघितली आणि म्हणाली, ‘‘आरं, ही तर हराळीच की. इकत आणली व्हय?’’ भाऊ म्हणाला, ‘‘आत्या, सिलेक्शन वन हाय ते.’’ आत्या म्हणाली, ‘‘तुज्या आज्यानं फुकट दिली असती, वर जेवू घातलं असतं.’’

आत्याची ओळख चुकली नव्हती. नर्सरीत मिळणारी बारीक पात्याची बरीचशी गवतं हराळीचीच निवडलेली वाणं. कोरियन कारपेट मात्र वेगळ्या प्रजातीचं. दिसायला मखमल, पण वाढ मंद, आणि वेळच्या वेळी कापलं नाही तर उंचवटे धरतं. हराळीचा पराक्रम तर सातासमुद्रापार गेला आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं हराळीचा तिच्या आफ्रिकी बहिणीशी संकर केला. १९६० साली त्याच केंद्रातून आलेलं ‘टिफवे’ हे संकरित वाण पुढं जगभरच्या गोल्फ आणि फुटबॉल मैदानांवर पसरलं. त्याला बी धरत नाही. पेराचे तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. तुटलेल्या काशीच्या ज्या गुणाला मामा शिव्या घालत, त्याच गुणावर एक मोठा जागतिक धंदा उभा राहिला.

आमच्या दारातली लॉनं खरी जगली ती मामांमुळे. पहिल्या वर्षी भावाच्या लॉनला पिवळे चट्टे पडले. नर्सरीवाला रोज पाणी द्या म्हणाला होता आणि घरात ते इमानानं चाललं होतं. मामा तेव्हा थकले होते, पण उदगीरला दवाखान्यात आले की मुक्कामाला असत. त्यांनी मातीत बोट घातलं आणि म्हणाले, ‘‘बापू, हिला रोज चूळ भरल्यागत पाणी देऊ नका. एकदा पोटभर द्या अन् मग ताणावर सोडा. आपूआप खाली जाती बगा.’’ रोज शिंपडलं की मुळं वरच्या इंचभरातच लोळत राहतात आणि एका उन्हाच्या तडाख्यात मरतात. खोल पाणी देऊन मधे खंड पाडला तर ती ओलीच्या मागं खाली उतरतात. मामांना हे ठाऊक होतं, कारण ताणावर सोडलेल्या रानातल्या काशा काढायला किती खोल खंदावं लागतं ते त्यांच्या पाठीला ठाऊक होतं.

बाकीची शिकवणही त्यांचीच, फक्त उलटी वाचायची. नुसत्या काळ्या मातीत लॉन लावू नये. ती पावसात चिकटून बसते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. फूटभर खंदून दगड आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या. पाणी देऊन पुन्हा तण उगवू द्यायचं आणि पुन्हा काढायचं, कारण लॉन लागल्यावर त्यातून लव्हाळा निघत नाही. मग मुरूम, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून, घरापासून बाहेर उतार काढून, पूर्वी ज्या धुम्मसानं जमीन चोपायचे तसल्याच धुम्मसानं हलकं दाबून घ्यायचं. मृग-आर्द्रांच्या पावसात दोन-तीन पेरांच्या कांड्या चार-चार बोटांवर लावायच्या. एक डोळा मातीत, एक वर. कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कधी काढायचं नाही. झाडाखाली लावून झुरायचं नाही. हराळीला सावली खपत नाही. थंडीत पिवळी पडली तर युरिया ओतायचा नाही, ती निजलेली असते. गवत गालिचासारखं हातात उचलून आलं आणि साळुंक्या तिथंच चोच मारू लागल्या, तर खाली हुमणी आहे असं समजायचं. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तिथंच वेचायचे.

एकीकडे आमच्या भागात लग्नं मंगल कार्यालयातून ‘लॉन्स’मध्ये गेली. पत्रिकेवर नाव लॉन्सचं, आणि खाली मांडवाच्या सावलीत व खुर्च्यांच्या पायांत मेलेल्या गवतावर हिरवं कारपेट अंथरलेलं. वऱ्हाडाला फरक पडत नव्हता.

फरक पडला २०१६ साली. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आमच्या लातूरच्या बहिणीनं त्या रात्री हिशेब मांडला. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर साडेचारशे लिटरांहून जास्त. पहिल्या गाडीतलं सगळं पाणी असल्या हजारभर लॉनांनी एका दिवसात पिऊन टाकलं असतं. तिनं पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. कॉलनीतली लॉनं एकामागून एक वाळली, आणि हिरवळ असण्याचीच लाज वाटावी असे ते दिवस होते. कोरियन गेलं ते गेलंच. तिच्या दारात हराळी होती. त्या साली पाऊस चांगला झाला आणि पुसलेल्या जागेतून पोपटी शेंडे वर आले. मामा तेव्हा नव्हते, नाहीतर म्हणाले असते की त्यांनी हे चाळीस वर्षं आधीच सांगितलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात लॉनचं माप बदललं. गेल्या दिवाळीत पुण्याच्या पुतण्यानं नव्या घरापुढं कोणतं गवत लावू म्हणून विचारलं. प्लास्टिकचं लावतो, पाणी नको की कापणी नको, असंही म्हणाला. सगळे एकदम बोलायला लागले. प्लास्टिक उन्हात पाय भाजेल इतकं तापतं, आणि चतुर्थीला त्यातून काय खुडणार, हे आत्यानं निकालात काढलं. मग जे ठरलं ते असं: भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जेवढी निभेल तेवढीच हिरवळ, म्हणजे दोन खाटा मावतील इतकी. बाकी अंगणात मुरूम. आणि वाण विकत आणायचं नाही. जळकोटच्या रानातून काशा न्यायच्या, तिथं अजून भरपूर आहेत आणि त्या गेल्या तर रानाचं भलंच होईल. पुतण्या काशा पिशवीत भरून निघाला तेव्हा नव्वदीच्या आत्यानं दारातून बजावलं, ‘‘बांध घाल आदी. शेजारणीच्या वाफ्यात गेली तर आमी भांडाय येणार न्हाई.’’