जावा आणि तिच्यामागचे हात

पुण्याच्या बुधवार पेठेत राहून जुनी मोटारसायकल उभी करायची तर पहिली अडचण जागेची. आमच्या वाड्याच्या दिंडीतून जावा आत घ्यायची म्हणजे हँडल पूर्ण वळवून, दोघांनी धरून. वडिलांची ही 250 सीसीची गाडी कित्येक वर्षं जिन्याखाली होती. पिस्टन सिलिंडरला घट्ट धरून बसलेला. प्लग काढून भोकातून डिझेल सोडत राहिलो, तेव्हा कुठे किक जरा खाली गेली. त्या दिवशी घरात सणासारखा आनंद झाला.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तिथल्या यानेचेक यांनी 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून गाडीचं नाव ठेवलं. आपल्याकडे 1961 पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली, पुढे येझदी नावानं विकली गेली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा नाव परत आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक. तिचं काहीच आमच्या इंजिनाला चालत नाही.

मग ही गाडी जगते कशी? नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदारांमुळे, जुन्या बाजारात भंगारातून नेमका कार्बोरेटर ओळखून बाजूला ठेवणाऱ्यांमुळे आणि लेथवर बसणाऱ्यांमुळे. आमच्या मिस्त्रीकाकांनी क्रँक हातात घेऊन नुसता फिरवला आणि म्हणाले, “बेअरिंग गेलंय, रॉडही बदलावा लागेल.” सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. क्रँक प्रेसवर जुळवताना दोन्ही बाजू एका रेषेत याव्या लागतात, नाहीतर गाडी हादरते आणि बेअरिंग पुन्हा जातं. काका हातोडीनं अगदी हलका ठोका द्यायचे, डायल गेजचा काटा पाहायचे, पुन्हा ठोका. मी शेजारी उभा राहून ते तासन् तास पाहिलं आहे. या कामाचं शिक्षण कुठल्या वर्गात मिळत नाही.

वायरिंगसाठी मात्र घरापासून दूर जावं लागलं नाही. तपकीर गल्लीत वायर, स्लीव्ह, टोप्या सगळं मिळालं. बरेच जण आता 12 व्होल्ट करून घेतात. दिवा चांगला पडतो, हे खरंच. पण मी मूळचे 6 व्होल्टच ठेवले. गाडी जशी बनली तशी चालावी, असं मला मनापासून वाटतं. सोनेरी रेघांसाठी स्टिकर मिळतात; त्याऐवजी एका वयस्कर पेंटरकडून ब्रशनं ओढून घेतल्या. हात टाकीवर टेकवून, श्वास रोखून, एका दमात.

जुलैचा दुसरा रविवार हा आंतरराष्ट्रीय जावा दिन. पुण्यातली जावा-येझदीवाली मंडळी तेव्हा गाड्या घेऊन जमतात, पाऊस असतोच. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअरला एकच दांडा, गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. हे सगळं नव्या मुलांना दाखवताना आमची मंडळी हरखून जातात. क्रोम लखलखत असतं, फोटो निघतात. गाडीसमोरच्या पाटीवर मॉडेल, वर्ष आणि मालकाचं नाव.

मला त्या पाटीत उणीव वाटत आली. मालकानं पैसे आणि वेळ दिला, हे मान्य. पण गाडी चालती केली ती दुसऱ्यांनी. म्हणून मी माझ्या पाटीवर क्रँक, बोअर, प्लेटिंग, वायरिंग, रंग कोणी केला ते सगळं त्यांच्या परवानगीनं लिहिलं आणि मिस्त्रीकाकांना सोबत नेलं. ते आधी संकोचले. “तिथं माझं काय काम?” म्हणाले.

काकांनी पेट्रोलमध्ये ऑइल बेताचंच आहे ना ते स्वतः पाहिलं, चोक दिला आणि दांडा वर फिरवून किक मारली. निळसर धूर सोडत गाडी लागली. आवाज ऐकून शेजारच्या येझदीचा मालक आला आणि आपल्या इंजिनाची टकटक सांगू लागला. मग आणखी दोघं आले. काका ओल्या फुटपाथवर उकिडवे बसले, त्या येझदीच्या क्लच कव्हरला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी लावली आणि म्हणाले, “प्रायमरी चेन सैल झालीय, इंजिन खोलू नका.” मी दुपारी घरी निघालो, तरी काका तिथंच होते.