चांदसैलीचा घाट आणि पर्समधलं लिंबू

तळोदा,
18 डिसेंबर 2024

ती. नानास,


परवाचा फोन अर्धवट राहिला. वहिनी मागून बोलत होती, तू चिडला होतास आणि तुझी थोरली त्याच खोलीत बसून सगळं ऐकत होती, हे तिच्या खोकल्यावरून मला कळलं. म्हणून पत्र. कागदावर तुला मधेच तोडता येत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला यंदा ती आली नाही, गर्दीत जीव घाबरा होतो म्हणाली, याचं तुला वाईट वाटलं. लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून घोडे बघणारी पोर. मग तू विचारलंस, "घरात एवढी माणसं असताना परक्या बाईला पैसे देऊन काय बोलायचं? आम्ही काय कमी समजावतो?"

नाना, तुम्ही जास्त समजावता. दिवसातून किती वेळा "काही होत नाही बाळा" म्हणतोस, एकदा मोजून बघ. ती विचारते, मला अटॅक तर येणार नाही ना? तू म्हणतोस, नाही. दहा मिनिटं तिला बरं वाटतं, की पुन्हा तोच प्रश्न. तीन ईसीजी काढले, तिन्ही चांगले आले, दर वेळी आठवडाभर पोर निर्धास्त. नायट्याला खाजवल्यासारखं झालंय हे.

आता एक कबुली देते. 2003 साली मी दोन महिने रजेवर होते, तुला सांगितलं होतं बीपीचा त्रास आहे. बीपी नव्हतं.

धडगावला शाळेत होते तेव्हा. शनिवारी खाली यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीनं वर. एका सोमवारी चांदसैलीच्या घाटात, एका वळणावर, काही कारण नसताना छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घशाला कोरड, वाटलं आता आपण गेलो. शेजारच्या म्हातारीनं पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय व्हयनं बाई?" मला सांगता येईना.

पुढच्या सोमवारी मी शहाद्यावरून, लांबच्या रस्त्यानं गेले. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! ते हायसं वाटणंच महागात पडलं. महिन्याभरात तो रस्ताही नको झाला. मग एसटीच नको, मग आठवडेबाजार, शेवटी शाळेतली प्रार्थनासुद्धा, कारण तिथे रांगेत उभं राहावं लागतं. भीती म्हणजे बांध कोरणारा भाऊबंद. यंदा हातभर सोडलास की पुढच्या पावसाळ्यात तो आणखी हातभर आत येतो. हे शेतीतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझ्या मेव्हण्यांच्या ओळखीनं नाशिकला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. तुला वाटतं तशा गप्पा तिथे होत नाहीत. पहिल्या दोन वेळी त्यांनी फक्त विचारलं आणि लिहून घेतलं: कुठे, केव्हा, आधी काय मनात आलं, मग तुम्ही काय केलंत. "काही होत नाही" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "घाटात दरड पडू शकते, ते मी नाकारत नाही. पण छाती धडधडली म्हणून माणूस मरतो, हे तुम्ही कधी तपासून पाहिलंय?"

दरडीचं तर खरंच आहे. 2021 च्या सप्टेंबरात त्याच घाटात रस्ता बंद पडला आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाची बातमी आली. ती बाई वाचली नाही. तेव्हा घाटाला भिऊ नका असं कुणी शहाणं माणूस सांगणार नाही. मी घाटाला भीतच नव्हते नाना. मी माझ्या छातीला भीत होते.

बाईंनी मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. मग जिना धावत चढायला लावला. धापा टाकत वर पोचले. "हीच ना घाटातली धडधड?" हीच. "मग आता का नाही घाबरलात?" मी बघतच राहिले. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा दाखवून दिलं होतं की धडधड वेगळी आणि तिला आपण चिकटवलेला अर्थ वेगळा.

मग पायऱ्या आखल्या. आधी तळोद्याच्या स्टँडवर उभ्या गाडीत जाऊन नुसतं बसायचं. मग घाटाच्या पायथ्यापर्यंत. मग पहिली दोन वळणं. प्रत्येक वेळी वहीत भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे, बसण्याआधी आणि उतरताना. मास्तरीणच मी, मार्क देणं जमलं. ऐंशीची भीती काही न करता वीस-पंचवीस मिनिटांत चाळीसवर येते, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसायला लागलं. अट एकच, मधेच उतरायचं नाही. मधे उतरलं की भीतीला वाटतं, आपल्यामुळे ही वाचली.

सगळ्यात जड गेलं ते लिंबू. हुंगायला म्हणून पर्समध्ये कायम एक लिंबू असायचं. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी ते घरी ठेवा. मी त्यांच्याशी भांडले. थोरलीचं लिंबू कोणतं ते ओळख बरं? तू आहेस. नंदुरबारला कॉलेजात जाताना तिच्यामागे मोटरसायकल घेऊन जातोस ना, ते.

हे काही नवं शास्त्र नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1933 च्या सुमारास, अवघा एकोणीस वर्षांचा असताना, बायकांशी बोलण्याची भीती घालवायला महिनाभर बागेत जाऊन शंभर अनोळखी बायकांशी बोलायचं ठरवलं आणि बोललाही. एकच भेटायला तयार झाली, तीही आलीच नाही! पण भीती गेली. अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' मी थोरलीसाठी पाठवतेय. आधी तू वाच.

यासाठी फार मोठा डॉक्टर लागतो असंही नाही. गोव्यात 'संगत' संस्थेनं वैद्यकाचा गंध नसलेल्या स्थानिक बायकांना दोन महिने शिकवलं आणि उदासी-चिंतेच्या पेशंटांशी बोलायला आरोग्य केंद्रांत बसवलं. गरज पडली तर डॉक्टरांच्या गोळ्याही होत्या. 2010 साली निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या बायकांच्या मदतीनं शंभरातले सुमारे 66 जण बरे झाले होते, तिच्याविना 42. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे सगळ्यांना, सगळीकडे गुण येतोच असं मी म्हणत नाही. काहींना गोळ्या घ्याव्याच लागतात, त्यात कमीपणा नाही. आणि आधी तिचा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. धडधड तिकडूनही येते.

वहिनीनं भगताचं काढलंय म्हणे. मी हसणार नाही. धडगावकडे पाहिलंय मी, भगत रात्रभर बसतो, माणसाचं ऐकून घेतो. आपल्या ओपीडीत तेवढा वेळ कुणाला आहे? पण शेवटी त्याला कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि ते बहुतेकदा एखाद्या एकट्या बाईचं असतं. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बायकांचं काय होतं हे तुला माहीत आहे. 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तरी ते पुरतं थांबलेलं नाही. आपल्या पोरीच्या धडधडीपायी कुणाची म्हातारी गावाबाहेर जायला नको.

बोभाटा होऊन तिचं लग्न अडेल म्हणशील, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. आणि सुरुवातीला कुठे जायलाही नको. 14416, सरकारचा टेलिमानस नंबर. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात. पुढे कुणाकडे जायचं तेही सांगतात.

मी मात्र तिची थेरपिस्ट होणार नाही. आत्या आहे, मला तिचं रडू बघवत नाही, पहिल्याच दिवशी मी लिंबू काढून देईन.

आजही पावसाळ्यात घाट चढताना पोटात गोळा येतो. येतो, दोन वळणं सोबत करतो आणि जातो.

तेव्हा एवढंच कर. नंबर लिहून फोन तिच्या हातात दे आणि तू शेतात जा. दाराशी उभा राहू नकोस. केळीला पाणी द्यायचं असेलच.

तुझी,
बहीण