उदासी, इमान आणि अंगातला दाह

आपल्या घरांत उदासीला स्वतःचे नाव नसते. बाई म्हणते, ‘जी लागत नाही’, ‘घबराट होते’, ‘अंगात जानच राहिली नाही’. पुरुष तेवढेही बोलत नाही. तो दुकान लवकर बंद करतो, नाहीतर लहानसहान गोष्टीवरून मुलांवर ओरडतो. मग घरातले आपापल्या परीने कारण शोधतात. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, सुख टोचते. आणि सर्वांत जिव्हारी लागणारे वाक्य सर्वांत जवळच्या माणसाकडून येते : इमान कमजोर झाले आहे, नमाजेत मन लाव, सगळे ठीक होईल.

या तिन्ही कारणांखेरीज आणखी एक कारण असू शकते. ते शरीरात असते आणि त्याला मराठीत दाह म्हणतात. मला ते माझ्या मोठ्या बहिणीच्या आजारपणात समजले, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

आपा आमच्या घरातली सर्वांत हसरी. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिची बोटे सुजू लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हाताची मूठ वळायची नाही. वजूसाठी नळ फिरवायलाही मुलीला हाक मारावी लागे. वर्षभर बाम, तेल, शेक असे घरगुती उपाय चालले. त्याच काळात तिचे बोलणे कमी झाले. लग्नकार्याला जाणे बंद झाले. ईदच्या कपड्यांची खरेदी तिने मुलीवर सोपवली. रात्री तीनला जाग यायची आणि फज्रच्या अजानपर्यंत ती छताकडे बघत पडायची. पाच वक्त नमाज पढणारी, रोज तिलावत करणारी ही बाई. तिला इमानाचा उपदेश करणाऱ्यांना ही गोष्ट कशी दिसली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

शेवटी दुल्हेभाई तिला मिरजेला सांधेवाताच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टरबाईंनी तिच्या बोटांची पेरे एकेक करून दाबून पाहिली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि मग अनपेक्षित प्रश्न विचारले. झोप कशी आहे? पूर्वी आवडायचे ते आता आवडते का? जगू नये असे कधी मनात येते का? या तिसऱ्या प्रश्नाला आपाने उत्तर दिले नाही, ती नुसती रडू लागली. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या सांध्यांत आग आहे. तिची झळ डोक्यापर्यंत पोचलेली असू शकते. आपण दोन्हींचं औषध करू.”

आपाला रुमॅटॉइड संधिवात होता. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते. हात दुखतो म्हणून मन खचते, हे कोणालाही समजेल. पण दाहाची झळ मेंदूपर्यंत जाते म्हणजे काय, ते मला कळेना. त्यानंतर मी डॉक्टरांना विचारत गेले, वाचत गेले. जे समजले ते इथे मांडते.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. हा दाह. जंतूंशी लढायला शरीराने पाठवलेली ही फौज असते. काटा निघाला, जखम भरली की ती माघारी जाते. पण कधी कधी ती माघारी जात नाही. संधिवात, सोरायसिस, आतड्यांचे काही आजार, पोटावर साठलेली चरबी, सिगारेट, वर्षानुवर्षांची अपुरी झोप, लहानपणी सोसलेला जाच, अशा कारणांनी अंगात मंद दाह चालू राहू शकतो. बाहेरून तो दिसतोच असे नाही.

आता तापाचे दिवस आठवून पाहा. फ्लू झाला की नुसते अंग तापत नाही. जेवण नकोसे होते, कोणाशी बोलू नये वाटते, आवडीच्या गोष्टीत रस राहत नाही, अंथरुणातून उठवत नाही. बकरी आजारी पडली की कळपापासून दूर कोपऱ्यात जाऊन बसते, चारा सोडते. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडले की ही नुसती अशक्तता नव्हे. आजारी जनावराने ताकद वाचवून लढाईत लावावी, यासाठी मेंदूच हे वागणे घडवून आणतो. संरक्षण करणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. ही निरोप्याचे काम करतात. रक्तातून आणि मज्जातंतूंतून त्यांचा निरोप मेंदूला पोचतो : पडून राहा, कोणात मिसळू नकोस. चार दिवसांच्या तापात हा निरोप उपकारक असतो. तो महिनोन्‌महिने येत राहिला, तर त्या वागण्यात आणि डिप्रेशनमध्ये फारसा फरक उरत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होते. दूध, अंडी, डाळ, मांस यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. मन स्थिर ठेवण्यात सेरोटोनिनचा वाटा असतो. अंगात दाह असला की हे ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळवले जाते आणि त्यातून तयार होणारे काही पदार्थ मेंदूला त्रासदायक ठरतात.

हा नुसता अंदाज नाही. हेपॅटायटिस सी आणि काही कर्करोगांवर पूर्वी इंटरफेरॉन-आल्फा हे औषध मोठ्या प्रमाणावर देत. ते शरीराची संरक्षण यंत्रणा चेतवते. ते सुरू झाल्यावर, आधी मनाचा कसलाही त्रास नसलेली कितीतरी माणसे काही आठवड्यांत खोल उदासीत गेली. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून डिप्रेशनवरची गोळी दिली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात ४५ टक्के लोकांना गंभीर डिप्रेशन आले, औषधाच्या गटात ११ टक्क्यांना. या माणसांचे इमान काही आठवड्यांत कमजोर झाले, असे कोण म्हणेल?

कोणी विचारेल, उदास माणूस खात नाही, झोपत नाही, म्हणून त्याच्या अंगात दाह वाढत असेल. तेही खरे आहे, ही वाट दोन्हीकडून चालते. पण इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केलेला आहे. नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे दाहाचे प्रथिन जास्त होते, त्यांच्यात अठराव्या वर्षी डिप्रेशनचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण अर्धवट माहिती घातक असते. प्रत्येक उदासी दाहातून येत नाही. माणूस गेल्याचे दुःख, कर्ज, घरातली मारहाण, नोकरी जाणे, आनुवंशिकता अशी तिची अनेक मुळे असतात. अटलांटातच डिप्रेशनच्या ६० अवघड रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरून पाहिले गेले. हे औषध संधिवाताच्याही काही रुग्णांना देतात. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा फायदा दिसला नाही. मात्र ज्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त होती, त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. ज्यांच्यात दाह नव्हता, त्यांच्यापैकी औषधाविना सलाइन मिळालेलेच अधिक सावरले. म्हणून मनाने दुखण्याच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड घेऊन उदासी घालवू पाहणे चुकीचे आहे. स्टेरॉइडने काही जणांचे मन उलट जास्त बिघडते. आणि नुसत्या सीआरपीच्या तपासणीवरून डिप्रेशन आहे की नाही, हे ठरत नाही.

दाहाचे याहून उग्र रूपही असते आणि त्याची माहिती आपल्या घरांना विशेष गरजेची आहे. एखादी तरुण मुलगी, आधी थोडा ताप, डोकेदुखी. मग काही दिवसांत ती असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, झोपत नाही. पुढे फिट येतात, तोंड आणि हात विचित्र हलतात, वाचा बंद होते. अशी मुलगी कुठे नेली जाते, हे आपण जाणतो : जिन उतरवणाऱ्याकडे. यातल्या काही मुलींना अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस असतो. संरक्षण यंत्रणा थेट मेंदूवरच हल्ला करते. हा आजार योसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली नेमका ओळखला. काही जणींत त्याचे मूळ अंडाशयातल्या गाठीत सापडते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात. पण इथे एकेक आठवडा मोलाचा असतो आणि तो साखळदंड, धुरी, मारझोड यांत घालवणे म्हणजे त्या मुलीवर जुलूम आहे.

शरीर आणि मन यांची गाठ आपल्या परंपरेला नवी नाही. बल्ख शहरातले अबू झैद अल-बल्खी इसवी सन ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी अरबीत ग्रंथ लिहिला. उदासीचे त्यांनी दोन प्रकार सांगितले : एक, जिचे कारण माणसाला ठाऊक असते. दुसरी, जिचे कारण सापडत नाही. ही दुसरी शरीरातून, रक्तातल्या बिघाडातून येते, असे त्यांनी मानले आणि तिच्यासाठी शरीराचे उपचार सुचवले. त्यांचे रक्ताचे शास्त्र आज जुने झाले. पण उदास माणसाला दोषी न ठरवता त्याचा आजार तपासायचा, ही त्यांची रीत हजार वर्षांनंतरही आपल्याला पुरती जमलेली नाही. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले होते, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या इमानाविषयी कोणी शंका घेत नाही.

आपाचे उपचार सुरू झाले. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, सोबत फॉलिक ॲसिड, आणि मानसोपचार डॉक्टरांनी दिलेले वेगळे औषध. “मी वेडी आहे का?” असे विचारून ती दोन दिवस रुसली. त्याच वेळी भाचीच्या रिश्त्याचे बोलणे चालू होते. नात्यातल्या एकीने बजावले, मनाच्या डॉक्टरांचे नाव बाहेर गेले तर रिश्ता मोडेल. आपा गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवू लागली. दुल्हेभाईंनी त्या बाहेर काढून कपाटावर ठेवल्या. पाहुणे आले तेव्हा तेच म्हणाले, “हिला संधिवात आहे, त्यासोबत डिप्रेशन आहे. दोन्हींचं औषध चालू आहे, अल्लाहच्या फजलने फरक पडतोय.” खोलीत क्षणभर शांतता झाली. मुलाच्या आईने जाताना मला बाजूला घेऊन डॉक्टरांचा पत्ता मागितला. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

बोटांची सूज दोन-तीन महिन्यांत उतरली. मन त्याहून सावकाश सावरले. आजही काही दिवस जड जातात. यात औषधाचा वाटा किती, दाह उतरण्याचा किती आणि दुल्हेभाईंच्या त्या एका वाक्याचा किती, याचा हिशेब मी करत नाही.

घरात कोणी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, तर डॉक्टरांना मनाचे सांगा आणि शरीराचेही सांगा : सांधे, ताप, थायरॉइड, बाळंतपण, चालू औषधे, सगळे. संधिवातासारखा जुना आजार असेल, तर मनाविषयी त्यांनी न विचारताही बोला. रोज थोडे चालणे आणि पुरेशी झोप दाहालाही उतार देतात, मनालाही. रमजानमध्ये गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. इफ्तार आणि सहरीच्या वेळा डॉक्टरांना सांगितल्या, तर बरीच औषधे तशी बसवता येतात, आणि जिथे बसत नाहीत तिथे आजारी माणसाला रोज्याची सवलत आहेच. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. दुआ जरूर करा. पण उदास माणसाला त्याच्या इमानाचा हिशेब विचारू नका. तो घेणारा वेगळा आहे. आपले काम त्याला दवाखान्यात नेण्याचे आहे.