कडकपणाची वरची मर्यादा

पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं काम करताना एक मागणी सतत कानावर येते : 'जॉब कडक करून द्या.' निदान किती कडक हवा, हे ड्रॉइंगवर असतं. जास्तीत जास्त किती चालेल, हे पुष्कळदा नसतं. जॉबला पुढे पडणाऱ्या भेगांचं मूळ मला तिथेच दिसतं.

ईएन २४ हे पोलाद घ्या. दीड टक्क्याच्या आसपास निकेल, जोडीला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. साधारण ८४० अंशांवरून तेलात क्वेंच केलं की जाडजूड शाफ्टही खोलवर कडक होतो. मग २०० अंशांवर टेम्पर केलं, म्हणजे पुन्हा तापवलं, तर कडकपणा रॉकवेल सी पन्नासच्या वर राहतो. ६०० अंशांवर नेलं तर पस्तिशीच्या आसपास उतरतो. कोरड्या हवेत पहिला जास्त भार घेईल. पण आपल्याकडे खाडीचं खारं वारं आहे, आम्लाच्या टाक्या आहेत. गंजताना, पिकलिंगमध्ये किंवा झिंक चढवताना सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाच्या जागी जमतो. आवळताना शाबूत असलेला अतिकडक बोल्ट मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, नेहमीच्या भाराखालीच तुटतो.

टेम्परिंगनंतर थंड कसं करता, यालाही तितकंच महत्त्व आहे. ५७५ ते ३७५ अंशांचा पट्टा रेंगाळत उतरला, तर फॉस्फरससारखी अशुद्धी कणांच्या सीमांवर गोळा होते आणि हायड्रोजनची भेग त्याच सीमांवरून धावते. म्हणून तो पट्टा मी झटपट पार करतो. कडक जॉबला झिंक चढवलं, की चार तासांच्या आत हायड्रोजन बाहेर काढणारं बेकिंग सुरू झालं पाहिजे : १९० ते २२० अंश, अनेक तास, पण टेम्परिंगच्या तापमानाखालीच. उद्यावर ढकललं आणि तोवर भेग पडली, तर बेकिंगने ती सांधत नाही.

उरणच्या बाजूला तेल-वायूची कामं चालतात. वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तिथे नेस एमआर ०१७५ हे मानक कमी मिश्रधातूंच्या पोलादाला सर्वसाधारणपणे रॉकवेल सी २२ची कमाल मर्यादा घालतं, आणि निकेल एक टक्क्याच्या आत ठेवायला सांगतं. ईएन २४ त्यात बसत नाही, कितीही मऊ केलं तरी.

ड्रॉइंग काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : कडकपणाची वरची मर्यादा लिहा, आणि जॉब कुठल्या हवेत, कुठल्या रसायनात राहणार तेही लिहा. भट्टीचं तापमान आम्ही त्यावरूनच ठरवू शकतो.